नवशिक्यांनी हात लावू नये

राज्य निवडायला मला अख्खा आठवडा लागला आणि घालवायला एक दुपार पुरली.

यावरून मी कुणी राजघराण्यातला आहे असा गैरसमज नको. मी नत्थू निकुरे, वनखात्यातला रिटायर्ड हेडक्लार्क, मुक्काम मूल. गावात मला निकुरे बाबू म्हणतात. राज्य होतं ते कॉम्प्युटरवरच्या एका गेममधलं, आणि त्या राज्यावर माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख अडली होती. ती कशी अडली ते आधी सांगतो, म्हणजे मी मूर्ख आहे हे वाचकांना सुरुवातीलाच कळेल आणि पुढं धक्का बसणार नाही.

आमच्या पुनमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मूललाच झालं. मुलगा आदेश, हैदराबादला कॉम्प्युटरवाल्या कंपनीत. मुलाचे वडील गुणवंतराव, गोंडपिपरीकडचे, आरामशीनचे, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीचे मालक. तिकडं पुण्याला व्याही म्हणतात, आमच्याकडं इवाई. तर आमचे इवाई साक्षगंधाला भर मंडपात उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आमाले आंदन-बिंदन काईच नको. पोरगी द्या, बास. पलंगसुदा आमीच बनवू. असली सागवानाचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूनं कुणीतरी "वा!" म्हटलं. मीही टाळीसाठी हात उचलले होते. पण हात एकमेकांजवळ येईपर्यंत तोंड पुढं निघून गेलं.

"सागवानाची टीपी आहे ना जी?"

टीपी म्हणजे लाकूड वाहतुकीचा परवाना. उभी हयात मी त्याच टेबलावर काढली. सागवान हा शब्द कानावर पडला की पुढचा शब्द माझ्या तोंडातून आपोआप बाहेर येतो, शिंक आल्यावर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून देवाचं नाव येतं तसा. त्यात संशय नसतो. पण आरामशीनच्या मालकाला दोनशे पाहुण्यांसमोर, त्यानं आंदण नाकारल्यावर, लाकडाची टीपी विचारणं म्हणजे काय, हे टाळ्या थांबल्यावर मला कळलं.

गुणवंतराव खाली बसले. पंगतीत त्यांनी बुंदीला हात लावला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. लग्न मोडलं नव्हतं, पण तारीख काढायला दोन्ही इवायांना एका सतरंजीवर बसावं लागतं, आणि गुणवंतरावांचा निरोप होता की बाबूंनी आधी सतरंजीची टीपी दाखवावी.

मी फोन करून माफी मागावी, असं आमच्या आशाचं मत होतं. माझंही होतं. पण मी फोन लावला की ते उचलत नसत, आणि उचलत नाहीत याचं मला फार बरं वाटे.

मग पुनमनं तोडगा काढला. ती नागपूरला नोकरीला. तिची आणि आदेशची ओळख एका गेममध्येच झालेली, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी इतके दिवस 'परिचय मेळाव्यात' असं लोकांना सांगत होतो.

"पप्पा, तुमी आन काका एका बाजूनं एक डाव खेळा. कॉम्प्युटरच्या विरुद्ध. तुमाले बी येत नाई, त्याइले बी येत नाई. कोनाची इज्जत जात नाई."

"ते माझ्याशी बोलत नाहीत, खेळतील कसे?"

"खेळाले बोला लागत नाई. काका तयार हायेत. तुमीच मांगं हटून राह्यले."

निकुरे घराण्यात मागं कुणी हटत नाही. मी हो म्हटलं. ती तिकडंही हेच बोलली होती, 'पप्पा तयार हायेत, तुमीच मांगं हटून राह्यले', हे मला नंतर कळलं.

हा नुसता गेम नव्हता, गेमचा 'मोड' होता. आशा स्वयंपाकघरातून म्हणाली, "मोड? बरबटीले येते तसे?" पुनम हसली, मग थोडा विचार करून म्हणाली, "हो आई, तसेच." मूळ गेम कंपनीनं बनवलेला, म्हणजे कोरडी बरबटी, पुण्याकडची चवळी. मग जगभरच्या हौशी पोरांनी ती भिजत घातली आणि त्यातून नवी राज्यं, नवे प्राणी, नव्या लढाया उगवल्या. तो मोड. आमच्या घरात ही एकच गोष्ट अशी होती जी आशाला माझ्याआधी समजली. म्हणजे, मला माहीत असलेल्यांपैकी एकच.

खेळायला खातं उघडावं लागतं. तिथं अटी मान्य आहेत का म्हणून विचारलं. मी आजवर न वाचता कशावर सही केलेली नाही. दोन संध्याकाळी मी त्या अटी वाचल्या, तिसऱ्या संध्याकाळी मान्य केल्या, तर म्हणे फार वेळ झाला, पुन्हा सुरुवातीपासून या. जन्मवर्षाची यादी चालू सालापासून खाली जाते. माझ्या सालापर्यंत पोचता पोचता बोट दुखलं आणि वाटेत मी पुनमचा जन्म, माझं लग्न आणि दहावीचा निकाल असं सगळं मागं टाकलं. नाव 'निकुरे' टाकलं तर आधीच कुणीतरी घेतलेलं. जगात आणखी एक निकुरे हा खेळ खेळतो याचा मला अभिमान वाटला आणि रागही आला. शेवटी मी 'निकुरेबाबू_मूल' झालो. ओटीपी आशाच्या फोनवर गेला. आशाचा फोन भिशीला गेला होता. आशासकट.

हे सगळं झाल्यावर राज्यांची निवड. पुनमनं मोबाईलवर जाणकारांची मतं पाठवली होती. माणसांचं नदीकाठचं राज्य होतं, डोंगर पोखरणारे बुटके होते, झाडं तोडून गड बांधणारे हिरवे राक्षस होते, लांब कानांचे वनवासी होते, आणि उत्तरेकडून येणारी मेलेल्यांची फौज, तिच्याशीच आम्हाला लढायचं होतं. प्रत्येक राज्यापुढं शेरा. माणसं: 'नवशिक्यांसाठी उत्तम.' राक्षस: 'नवशिक्यांसाठी सोपे.' बुटके: 'नवशिक्यांना जमेल.' आणि वनवासींपुढं: 'नवशिक्यांनी हात लावू नये.'

मला तो नवशिक्या शब्द लागला. मी ज्या ऑफिसात होतो तिथं नवे साहेब आले की पहिला आठवडा माझ्याकडूनच शिकत. आणि हे शेरे लिहिणारं पोरगं, ज्याला मिशीही फुटली नसेल, मला नवशिक्या म्हणत होतं.

सल्ला विचारला नाही तरी मूलमध्ये तो मिळतो. समोरच्या गिरजाबाई नगरपरिषदेच्या निवडणुकीला तीनदा उभ्या राहिल्या आहेत, तीनही वेळा वेगळ्या पक्षातून, त्यामुळे गट निवडण्यातला त्यांचा अनुभव मोठा. त्यांनी पडद्याकडं चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"बाबू, कोनाची हवा हाय?"

"हवा कोणाचीच नाही. खेळ सुरू व्हायचाय."

"मंग आत्ताच कायले जाता? थांबा. डाव सुरू झाला का जिकडं जास्त लोक जाईन तिकडं जा. आन मेलेल्याइची फौज मोठी म्हनता, त त्याइलेच जाऊन मिळा. पराभव नाई होत."

"ते शत्रू आहेत बाई."

"आज हायेत," गिरजाबाई म्हणाल्या, आणि चहा संपवून गेल्या.

संध्याकाळी चैतू मडावी आला. चैतू आमच्या खात्यातला रिटायर्ड गार्ड, माझा जुना मित्र. त्यानं पायरीवर बसून सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"किती देवाचे हायेत हे लोक?"

चैतूच्या लोकांत, म्हणजे गोंडांत, कुळं देवांच्या संख्येवर असतात, कुणी चार देवाचे, कुणी पाच, सहा, सात. सारख्या देवाचे ते भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक करायची तर देव वेगळे हवेत. त्यामुळे इवाई म्हटल्यावर चैतूचं पहिलं काम देव मोजण्याचं.

मी म्हटलं, "चैतू, हे विलायती लोक आहेत."

"विलायतीले देव नाई का? झेंडा दाखव." त्यानं एकेक झेंडा बारकाईनं पाहिला. माणसांच्या झेंड्यावर बुरूज तीन. "तीन देवाचं कोनी नसते. हे बोगस हाय." राक्षसांच्या झेंड्यावर सहा दात. "सहा देवाचे. ठीक." मग वनवासींचा झेंडा आला. हिरवा, त्यावर सात पानं. चैतू सरळ होऊन बसला.

"सात देवाचे! अरे बाबू, हे त आमचे भाऊ हायेत." तो बराच वेळ त्या लांब कानांच्या, गोऱ्या, सडपातळ लोकांकडं पाहत राहिला. "कान जरा लंबे हायेत. पन झाडीत रायते, कोनाच्या भानगडीत पडत नाई. आपलेच हायेत."

आपलेच आहेत, हे मलाही पटलं. आम्ही झाडीपट्टीचे. नागपूरला गेलो की तिथले लोक आम्हाला 'झाडीवाले' म्हणतात आणि जरा हसतात. आणि इथं एक अख्खं झाडीवाल्यांचं राज्य, ज्याला नवशिक्यांनी हात लावायचा नाही! मी आशाला सांगितलं की मी वनराज्य घेतोय, कारण जंगलात माझा जन्म गेलाय.

आशा भाजी निवडत होती. "कवा गेलते तुमी जंगलात?"

प्रश्न अवघड होता. जंगल माझ्या टेबलावर यायचं, फायलींतून. मी एकदा ऑफिसच्या सहलीला आत गेलो होतो, पण वाटेत सांबर दिसलं म्हणून जीपमधून उतरलो नव्हतो.

रविवार आला. पुनम नागपूरहून आली, माझ्या शेजारी लॅपटॉप मांडून बसली. तिकडं गोंडपिपरीला आदेश हैदराबादहून येऊन वडिलांशेजारी बसला. दोन्हीकडं स्पीकर चालू. मी नवा शर्ट घातला होता, तो तिकडं दिसत नाही हे पुनमनं नंतर सांगितलं. गुणवंतरावांच्या बाजूनं घसा खाकरल्याचा आवाज आला. मीही खाकरलो. इतका संवाद झाला आणि डाव सुरू झाला.

गुणवंतरावांनी राक्षस घेतले होते. नवशिक्यांसाठी सोपे. माणसाचा मूळ धंदा सुटत नाही म्हणतात, त्यांच्या राक्षसांनी हातात पहिली वस्तू घेतली ती कुऱ्हाड. त्यांच्या माळावर होती ती झाडं संपायला फार वेळ लागला नाही. आणि मधल्या सीमेपासून इकडं माझं जंगल. घनदाट, निळंहिरवं, एकही झाड मी तोडलेलं नाही. माझी प्रजा उघड्यावर बसली होती, घरं नव्हती, कारण घराला लाकूड लागतं. पुनम म्हणाली, "पप्पा, दोन-चार झाडं तोडा, राजधानी बनवाची हाय." मी म्हटलं, बघू.

तेवढ्यात पडद्यावर चौकट आली. पुनमनं वाचून दाखवलं: 'मित्रराज्य तुमच्या जंगलातून लाकूड नेण्याची परवानगी मागत आहे. हो किंवा नाही.'

मी 'नाही' दाबलं.

"पप्पा!"

आता हे कसं समजावून सांगू? पहिला अर्ज परत पाठवायचा असतो. त्यात राग नसतो, ती पद्धत आहे. अर्जदार निदान गंभीर आहे की नाही ते कळतं. चौकट पुन्हा आली. लाकूड कशासाठी हवं त्याचा उल्लेख नव्हता. 'नाही.' स्पीकरमधून मोठा श्वास ऐकू आला. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसायला लागले होते. उत्तरेची फौज. त्यांच्या आणि राक्षसांच्या मधे तटबंदी हवी होती, ती लाकडाची असते, आणि लाकूड माझ्याकडं होतं.

तिसऱ्यांदा चौकट आली. खरं सांगतो, या खेपेला मला 'हो' म्हणायचं होतं. पण बोट उठेना. मी पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पाहू लागलो.

"काय पाहून राह्यले?" पुनम कासावीस होऊन म्हणाली.

"साहेब कुठं आहेत यांचे?"

"कोन साहेब?"

"मंजूर करणारे."

आणि तेव्हा स्पीकरमधून, साक्षगंधानंतर पहिल्यांदा, गुणवंतरावांचा आवाज आला. दमलेला, रडकुंडीला आलेला आवाज.

"बाबू, माहे लोक मरून राह्यले इथी! टीपी देता का नाई?"

तिकडं आदेश फिसकन हसला. दारातून आशा हसली. पुनम मात्र हसली नाही. तिचे डोळे भरले होते. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "पप्पा, साहेब तुमीच हाय. तुमाले कोनाले विचारा लागत नाई."

नोकरीभर मी हजारो कागदांवर 'मंजुरीस्तव सादर' लिहिलं. नुसतं 'मंजूर' मी कधी लिहिलेलं नाही. तो अधिकार नव्हता. लोक मला घाबरत, माझ्यासमोर उभे राहत, आणि माझ्या हातात फक्त नाही म्हणायचं तेवढं होतं. हो म्हणणारा माणूस नेहमी आतल्या खोलीत बसलेला. इथं आतली खोली नव्हती. शेजारी पोरगी होती आणि तिच्या लग्नाची तारीख माझ्या बोटाखाली अडली होती.

मी 'हो' दाबलं. आणि समोरच्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं, "मंजूर, इवाई! मंजूर! पाहिजे तितकं न्या!"

गुणवंतरावांनी पाहिजे तितकं नेलं. आरामशीनवाल्याला पाहिजे तितकं म्हणू नये. माझं जंगल डोळ्यांदेखत असं साफ झालं की पायरीवर बसलेला चैतू उठून आत आला आणि "आपल्या राउंडच्या जंगलात असं कधी झालं नवतं," म्हणाला. त्या लाकडाची तिकडं भक्कम तटबंदी उभी राहिली. मेलेल्यांची फौज तटबंदीपाशी आली, तिला धडकली, वळली, आणि मधे एकही झाड उरलेलं नसल्यामुळं सरळ माझ्या राजधानीकडं निघाली.

माझी राजधानी म्हणजे उघड्यावर बसलेले लांब कानांचे लोक. मी घाबरून जी दिसेल ती कळ दाबली. त्यानं माझी प्रजा नाचायला लागली. हा मोड बनवणाऱ्यानं ती सोय का ठेवली असेल कोण जाणे.

"इवाई, हटू नका! मी येऊन राह्यलो!" गुणवंतराव ओरडले. आणि त्यांनी एवढ्या कष्टानं बांधलेल्या गडाचे दरवाजे उघडून सगळेच्या सगळे राक्षस बाहेर काढले. "बाबा, गड रिकामा होऊन राह्यला!" हा आदेशचा आवाज. "राहू दे बे! गड गेला चुलीत! तिकडं इवाई एकटा हाय!"

ते आले. उशिरा आले, पण आले. माझे सात देवाचे नाचत असताना आणि त्यांचे सहा देवाचे लढत असताना आम्ही दोघं एकाच पडद्यावर, एकाच वेळी, पार भुईसपाट झालो. रिकाम्या गडावर मागून दुसरी फौज चढली होतीच. पडद्यावर काळं निशाण लागलं. पुनमनं सांगितलं की सगळ्यांत सोप्या पातळीवर दोन्ही राज्यं अशी सोबत गेल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"हारलो जी आपन," गुणवंतराव म्हणाले.

"हारलो," मी म्हटलं. आणि मग, हारलेल्या माणसाला आणखी काय गमवायचं असतं म्हणून, "इवाई, त्या दिवशी माझं चुकलं. तोंडातून निघून गेलं. मला फार लाज वाटते त्याची."

मी स्पीकरजवळ कान नेला. "नेटवर्क गेलं का?" मी पुनमला विचारलं.

"नेटवर्क हाय," गुणवंतरावांचा आवाज आला. "मी डोळे पुसून राह्यलो." मग म्हणाले, "मे महिन्यात कूलरचं भाडं लय रायते. एप्रिलमधीच उरकून टाकू."

लग्न एप्रिलमध्ये झालं. आता शेवटचं, जे मी अजून आशालाही सांगितलेलं नाही.

लग्नाच्या मंडपात एका बाजूला तो पलंग मांडला होता. असली सागवानाचा, भारदस्त, पॉलिश असं की त्यात चेहरा दिसावा. इवाई भेटीची वेळ झाली. पाहुणे गोल करून उभे राहिले. वाजंत्री थांबली. गुणवंतराव हात पसरून पलंगापाशी उभे होते. मी त्यांच्याकडं निघालो, आणि देवाशपथ, मनात दुसरं काही नव्हतं. पण वाटेत पलंगाचा पाय आला. त्याच्या आतल्या बाजूला काहीतरी दिसलं. मी जागच्या जागी खाली वाकलो.

"अरे अरे अरे!" मंडपात गलका झाला. "मुलीचा बाप पाया पडून राह्यला!"

मी वाकलेलाच होतो. पायाच्या आत, हाताएवढी जागा सुतारानं रंधा न मारता, पॉलिश न लावता, तशीच खडबडीत ठेवली होती. आणि तिच्यावर हॅमरचा सरकारी शिक्का, परवान्याच्या लाकडावर आमचं खातं हातोडीनं ठोकतं तो. स्वच्छ, ठसठशीत, वाचता येईल असा. लाकूड कापताना, चिरताना, घासताना तेवढा तुकडा कुणीतरी जपून वाचवला होता. माझ्यासाठी.

दोन मजबूत हातांनी मला दंडाला धरून उभं केलं. गुणवंतरावांचे डोळे डबडबले होते. "काऊन पाया पडता जी इवाई? आपन बरोबरीचे हाव!" त्यांनी मला असं घट्ट मिठीत घेतलं की खिशातला चष्मा कडकन मोडला. बायका डोळे पुसत होत्या. गिरजाबाई म्हणाल्या, "असा नम्र मानूस आमच्या वार्डात दुसरा नाई."

त्यांच्या खांद्यावरून मी चैतूकडं पाहिलं. मी कशासाठी वाकलो ते त्याला एकट्याला कळलं होतं. तो तोंडावर दुपट्टा धरून मंडपाबाहेर गेला.

मिठी सुटली. मी पुन्हा वाकलो, आणि या खेपेला खरंच पाया पडलो.